कॅनडाच्या पीआर अर्जातली चूक कशी सुधारावी आणि स्टेटस कसं वाचावं

अर्ज सबमिट झाल्यावर त्याची प्रत निवांत वाचायला घेतली की एखादी चूक सापडतेच. नोकरीचा महिना चुकलेला असतो, बायकोच्या नावात एक अक्षर जास्त पडलेलं असतं किंवा प्रमाणपत्राचं दुसरं पान अपलोड करायचं राहून गेलेलं असतं. मग रात्रभर झोप लागत नाही. अशा वेळी काय करायचं, कोणत्या क्रमाने करायचं आणि काय अजिबात करायचं नाही, हे इथे लिहिलं आहे. सगळं वर्णन कॅनडाच्या एक्स्प्रेस एंट्रीतून (गुणांवर निवड करणारी सरकारी पद्धत) पीआर, म्हणजे कायमचं वास्तव्य, मागणाऱ्यांसाठी आहे. अर्ज तपासणारा सरकारी विभाग म्हणजे इमिग्रेशन, रेफ्युजीज अँड सिटिझनशिप कॅनडा, बोलीभाषेत आयआरसीसी.

मुख्य मुद्दा सुरुवातीलाच. चूक तुम्ही स्वतः, लवकर आणि पुराव्यासकट कळवली की ती दुरुस्ती म्हणून नोंदली जाते. तीच चूक अधिकाऱ्याला आधी सापडली आणि तिच्यामुळे निर्णय बदलू शकत असेल, तर प्रश्न ‘मिसरिप्रेझेंटेशन’चा, म्हणजे खोटी किंवा चुकीची माहिती दिल्याचा, होतो. कॅनडाच्या इमिग्रेशन कायद्याच्या कलम ४० खाली त्यासाठी ५ वर्षांची बंदी येऊ शकते, आणि त्या काळात पीआरसाठी अर्जही करता येत नाही. हेतू वाईट नव्हता म्हणून सुटका होईलच असं नाही. म्हणून ‘कोणाच्या लक्षात येणार नाही’ हा विचार पहिल्याच दिवशी सोडून द्या.

पायरी १: फाइल कुठे आहे ते बघा

आयटीए, म्हणजे अर्ज करण्याचं आमंत्रण, आल्यापासून अर्ज भरायला ६० दिवस मिळतात. या काळात चूक सापडली तर काम सोपं आहे, कारण फॉर्म अजून तुमच्या हातात आहे. दुरुस्त करा आणि सेव्ह करा. फक्त एक अपवाद आहे आणि तो फार महत्त्वाचा आहे: चूक गुणांशी संबंधित असेल तर आधी सीआरएस गुण, म्हणजे ज्यांवर आमंत्रण मिळतं ते निवडीचे गुण, नव्याने मोजा. कायद्याच्या कलम ११.२ प्रमाणे आमंत्रण आलं त्या दिवशी आणि अर्ज पोचला त्या दिवशी, दोन्ही वेळा तुम्ही पात्रता आणि आमंत्रणांच्या त्या फेरीचा किमान गुणांक पूर्ण करायला हवा. अनुभवाचे महिने चुकून जास्त धरले गेले असतील, आणि खरे गुण कटऑफच्या खाली येत असतील, तर आमंत्रण नाकारा. ६० दिवसांच्या आत नाकारलं तर प्रोफाइल पूलमध्ये, म्हणजे आमंत्रणाची वाट बघणाऱ्या उमेदवारांच्या यादीत, परत जातं आणि पुढच्या फेरीत विचार होऊ शकतो. फुगलेल्या गुणांवर अर्ज केला तर नकार येईलच, शिवाय वर लिहिलेली बंदीची टांगती तलवार राहील. आणखी एक: नोकरीच्या ऑफरचे जादा गुण २५ मार्च २०२५ पासून बंद झाले आहेत. जुना हिशोब डोक्यात असेल तर तो पुसून टाका.

सबमिट केल्यावर लगेच एओआर, म्हणजे पोच, येते. तिच्यात ‘ई’ने सुरू होणारा अर्ज क्रमांक असतो. ही पोच यंत्रणा आपोआप पाठवते. कागद पुरे आहेत की नाहीत याची तपासणी त्यानंतर होते. नियमावलीच्या नियम १० प्रमाणे काही अत्यावश्यक गोष्ट नसेल, तर अख्खा अर्ज अपूर्ण म्हणून परत येतो. फी परत मिळते, पण ६० दिवस उलटून गेलेले असतात, त्यामुळे आमंत्रणही हातचं जातं. म्हणून राहून गेलेला कागद कळवायचा तो पोच आली त्याच दिवशी, किंवा फार तर दुसऱ्या दिवशी. कागद नंतर पाठवल्याने अर्ज वाचेलच अशी हमी नाही, पण तपासणीच्या आधी तो फाइलला लागला तर वाचण्याची शक्यता असते.

एकदा सबमिट केलं की तुमच्या ऑनलाइन खात्यात फॉर्म बदलता येत नाही. पुढची प्रत्येक दुरुस्ती वेबफॉर्ममधून, म्हणजे आयआरसीसीला संदेश पाठवायच्या ऑनलाइन फॉर्ममधून, होते.

पायरी २: चूक कोणत्या जातीची आहे ते ठरवा

टंकलेखनाची चूक म्हणजे घरक्रमांक चुकला, कंपनीच्या नावात अक्षर राहिलं. ती कळवायची, पण घाबरण्यासारखं काही नाही. दुसरी जात म्हणजे कागद कमी पडणं किंवा जुना होणं. तिसरी जात गंभीर: वस्तुस्थिती वेगळी आणि अर्जात लिहिलेलं वेगळं, आणि त्या फरकाने गुण, पात्रता किंवा पार्श्वभूमी तपासणी बदलू शकते. तिसऱ्या जातीत मोडणारं काही सापडलं तर वेबफॉर्म भरण्याआधी परवानाधारक माणसाचा सल्ला घ्या. कॅनडात पैसे घेऊन हे काम करायची परवानगी वकील, क्वेबेकमधले नोटरी, ऑन्टारियोच्या लॉ सोसायटीकडे नोंदलेले पॅरालीगल आणि ‘कॉलेज ऑफ इमिग्रेशन अँड सिटिझनशिप कन्सल्टंट्स’कडे नोंदणी असलेले सल्लागार यांनाच आहे. गावाकडच्या एजंटाने फॉर्म भरला असला तरी त्यातल्या प्रत्येक ओळीची जबाबदारी सही करणाऱ्याची, म्हणजे तुमचीच असते.

नावाचा घोळ

मराठी माणसाच्या फाइलमध्ये सर्वांत जास्त गोंधळ नावाचा असतो, म्हणून इथे जरा थांबू. आपलं नाव तीन भागांचं: स्वतःचं, वडिलांचं किंवा नवऱ्याचं, आणि आडनाव. दहावीच्या गुणपत्रिकेवर आडनाव आधी येतं. पासपोर्टवर गिव्हन नेमच्या रकान्यात दोन नावं असतात. इंग्रजीच्या परीक्षेच्या निकालावर कधी मधलं नाव असतं, कधी नसतं. लग्नानंतर मधलं नाव आणि आडनाव दोन्ही बदलतात, पण पदवी माहेरच्या नावावर असते आणि बँकेचं खातं तिसऱ्याच स्पेलिंगने चालू असतं.

नियम एकच ठेवा: अर्जातलं नाव पासपोर्टप्रमाणे, अक्षर न् अक्षर, गिव्हन नेम तिथे आणि सरनेम तिथे. पासपोर्टवर सरनेमचा रकाना रिकामा असेल तर सगळी नावं फॅमिली नेमच्या रकान्यात लिहायची आणि गिव्हन नेमचा रकाना मोकळा सोडायचा. आद्याक्षरं वापरायची नाहीत.

बाकी सगळी रूपं ‘इतर नावं’ या प्रश्नाखाली जातात. माहेरचं नाव तिथे लिहायलाच हवं. अनेक जणी तिथे ‘नाही’ असं उत्तर देऊन पुढे जातात, आणि मग माहेरच्या नावाची पदवी कोणाची हा प्रश्न अधिकाऱ्याला पडतो. तुमच्याकडून असं झालं असेल तर वेबफॉर्मने कळवा आणि सोबत विवाह नोंदणी प्रमाणपत्र जोडा. नाव राजपत्रातून बदललं असेल तर राजपत्राचं ते पान जोडा. फक्त स्पेलिंगचा फरक असेल तर दोन्ही स्पेलिंग एकाच व्यक्तीची आहेत असं नोटरीसमोर केलेलं प्रतिज्ञापत्र जोडा.

मराठीतल्या कागदांचं भाषांतर ही याच घोळाची धाकटी बहीण. जुने जन्मदाखले आणि लग्नाचे दाखले बहुधा फक्त मराठीत असतात. भाषांतर इंग्रजी किंवा फ्रेंचमध्ये हवं, सोबत मूळ कागदाची प्रत हवी, आणि भाषांतरकार कॅनडात प्रमाणित नसेल तर त्याचं शपथपत्रही हवं. नात्यातल्या माणसाने केलेलं भाषांतर चालत नाही, तो व्यवसायाने भाषांतरकार असला तरीही. कागद द्विभाषिक असला तरी त्यावरचा ग्रामपंचायतीचा गोल शिक्का फक्त मराठीत असतो. त्या शिक्क्यातला मजकूरही भाषांतरात यायला हवा. नेमकी हीच गोष्ट हमखास सुटते.

बाकीच्या नेहमीच्या चुका

तारखा. आपण दिवस-महिना-वर्ष लिहितो, अर्जात वर्ष-महिना-दिवस असा क्रम असतो. ५ जून आणि ६ मे यांची अदलाबदल अशीच होते. दिवस १२ च्या आतला असेल तिथे अर्ज आणि मूळ कागद शेजारी ठेवून पुन्हा ताडून बघा.

वैयक्तिक इतिहासातली पोकळी. मागच्या १० वर्षांचा, किंवा १८ वर्षं पूर्ण झाल्यापासूनचा, प्रत्येक महिना भरलेला हवा. पदवीनंतर सहा महिने नोकरी शोधत होतात, तर ते सहा महिने ‘बेरोजगार’ म्हणून लिहायचे. बाळंतपणासाठी नोकरी सोडली होती, परीक्षांची तयारी करत होतात, घरची शेती बघत होतात, तेही लिहायचं. पत्त्यांचंही तसंच: वसतिगृह, पीजी, भाड्याची खोली सगळं यायला हवं. पोस्ट बॉक्सचा पत्ता चालत नाही.

व्हिसा नकार. कोणत्याही देशाने कधीही व्हिसा नाकारला असेल तर ‘हो’ हेच उत्तर. अमेरिकेचा विद्यार्थी व्हिसा १० वर्षांपूर्वी नाकारला गेला होता आणि तो विसरलात, हे कारण पुढे टिकत नाही. मिसरिप्रेझेंटेशनची पत्रं येण्यामागे ही विसरलेली गोष्ट पुन्हा पुन्हा दिसते. आता आठवली असेल तर आजच कळवा, नकाराची तारीख आणि कारण यांसह.

सरकारी पद. जिल्हा परिषदेच्या शाळेतली शिक्षिका, महापालिकेतला अभियंता, सरकारी रुग्णालयातली परिचारिका यांना ‘सरकारी पद म्हणजे मंत्री-आमदार’ असं वाटतं आणि तो भाग रिकामा राहतो. अशी नोकरी केली असेल तर ती तिथेही नोंदवा. सैन्य आणि पोलीस दलातल्या नोकरीचा प्रश्न वेगळा आहे, त्यालाही नीट उत्तर द्या.

अनुभवाचं पत्र. त्यावर लेटरहेड, पद, सुरुवातीची आणि शेवटची तारीख, आठवड्याचे तास, वार्षिक पगार व भत्ते, कामाचं स्वरूप आणि सही करणाऱ्याचं नाव-पद-संपर्क हवा. तास लिहिलेले नसतील तर ते काम पूर्णवेळ होतं हे सिद्ध होत नाही, कारण एक वर्षाचा अनुभव म्हणजे १,५६० तास, आठवड्याला ३० तास, असा हिशोब आहे. कामाचं स्वरूप कॅनडा सरकारच्या व्यवसायांच्या एनओसी यादीतून शब्दशः उचललेलं असेल तर अधिकाऱ्याला शंका येते. कंपनी असं पत्र द्यायला तयार नसेल तर नियुक्तिपत्र, पगारपत्रकं, फॉर्म १६ आणि वरिष्ठाचं प्रतिज्ञापत्र एकत्र द्या, आणि पत्र का मिळालं नाही ते स्पष्टीकरणात लिहा.

पैशांचा पुरावा. बँकेच्या पत्रात खातं कधी उघडलं, आजची शिल्लक, मागच्या ६ महिन्यांची सरासरी शिल्लक आणि काही कर्ज असेल तर तेही हवं. नुसतं स्टेटमेंट पुरत नाही. कॅनेडियन एक्स्पीरियन्स क्लासमधून (कॅनडात काम केलेल्यांचा वर्ग) अर्ज असेल तर या पुराव्याची गरज नसते, तरी पोर्टल फाइल मागतंच. तिथे ‘मला हा नियम लागू नाही, कारण माझा अर्ज या वर्गातून आहे’ असं पत्र अपलोड करायचं.

पीसीसी. मागच्या १० वर्षांत ज्या देशात सलग ६ महिने किंवा जास्त राहिलात, त्या प्रत्येक देशाची पोलीस मंजुरी लागते. सध्या राहता त्या देशाची अर्जाच्या तारखेपासून ६ महिन्यांच्या आतली हवी. दुसऱ्या देशाची तुम्ही तो देश सोडल्यानंतर काढलेली हवी.

मेडिकल. एक्स्प्रेस एंट्रीत २१ ऑगस्ट २०२५ पासून वैद्यकीय तपासणी अर्ज करण्याआधीच करून घ्यावी लागते. निकाल १२ महिने चालतो. फाइल लांबली तर पुन्हा तपासणी करायला सांगू शकतात.

पायरी ३: वेबफॉर्म भरणं

आधी दोन क्रमांक हाताशी ठेवा: अर्ज क्रमांक आणि यूसीआय, म्हणजे आयआरसीसीने तुम्हाला दिलेला ओळख क्रमांक, जो ८ किंवा १० आकडी असतो. नाव, जन्मतारीख आणि ईमेल अर्जात होतं तेच लिहा, त्यात चूक असली तरीही. नवीन ईमेलने भरलं तर तुमचा संदेश फाइलशी जुळायला अडचण येते. नाव चुकलं असेल तर ते रकान्यात बदलू नका, मजकुरात सांगा.

मग एक पानी स्पष्टीकरणपत्र तयार करा. लोक इथे दोन पानांची कैफियत लिहितात, ती अधिकाऱ्याच्या कामाची नसते. त्यात पाच गोष्टी पुरतात: अर्ज क्रमांक आणि यूसीआय, कोणत्या फॉर्मच्या कोणत्या प्रश्नात चूक आहे, तिथे काय लिहिलं गेलं, बरोबर काय आहे, आणि सोबत कोणता पुरावा जोडला आहे. उदाहरणार्थ, ‘वैयक्तिक इतिहासात माझ्या दुसऱ्या नोकरीचा शेवट २०२१-०६ असा लिहिला गेला. बरोबर महिना २०२१-०८ आहे. सोबत कार्यमुक्तीचं पत्र जोडलं आहे. या बदलाने माझ्या अनुभवाच्या गुणांत फरक पडत नाही.’ शेवटचं वाक्य खरं असेल तरच लिहा. चुकीचं कारण एका वाक्यात सांगा, आणि दोष दुसऱ्यावर ढकलू नका.

फाइलींना अर्थ असलेली नावं द्या. ‘स्कॅन ००३’ असं नाव अधिकाऱ्याला काहीच सांगत नाही. एका कागदाची सगळी पानं एकाच पीडीएफमध्ये हवीत. वेबफॉर्मला आकाराची मर्यादा असते, म्हणून स्कॅन करडा आणि हलका करा, पण शिक्के वाचता यायला हवेत.

पाठवल्यावर पोचेचा ईमेल येतो. तो आणि स्क्रीनशॉट जपून ठेवा, पुढे कधी ‘तुम्ही कळवलं नव्हतं’ असा प्रश्न आला तर हाच पुरावा. तोच संदेश दर आठवड्याला पुन्हा पाठवू नका. प्रत्येक संदेश रांगेत वेगळा पडतो आणि फाइल पुढे सरकण्याऐवजी तिच्यात कागदांची भर पडते. एकाच दिवशी चार चुका सापडल्या तर चारही एकाच पत्रात लिहा.

जे कळवायलाच हवं

पत्ता, फोन, नवीन पासपोर्ट, नोकरीतला बदल, प्रतिनिधी बदलणं हे सगळं वेबफॉर्मनेच कळवायचं. पण लग्न, घटस्फोट आणि बाळाचा जन्म यांना वेगळं वजन आहे. कुटुंबातल्या प्रत्येकाची नोंद आणि तपासणी व्हावी लागते, ती व्यक्ती तुमच्यासोबत कॅनडाला येणार नसली तरीही. नियमावलीच्या कलम ११७(९)(ड) प्रमाणे पीआर मिळताना जो जोडीदार किंवा मूल लपवलं गेलं, त्याला नंतर फॅमिली क्लासमधून (कुटुंबीयांना बोलावून घेण्याचा वर्ग) आणणं सहसा बंद होतं. ‘आधी एकटा जातो, लग्न झाल्याचं नंतर सांगतो’ हा सल्ला नातेवाइकांकडून फार मिळतो आणि त्याने संसार वर्षानुवर्षं दोन देशांत अडकतात. व्हिसा हातात आल्यानंतर आणि लँडिंगच्या (कॅनडात पोचून पीआर म्हणून नोंद होण्याच्या) आधी लग्न झालं तरी ते कळवणं बंधनकारक आहे. त्यामुळे उशीर होईल, तो सोसा.

मुलांच्या वयाची मात्र काळजी कमी करा. २२ च्या आतलं अविवाहित मूल अवलंबून मानलं जातं, आणि पूर्ण अर्ज पोचला त्या दिवशीचं वयच पुढे धरलं जातं. प्रक्रिया चालू असताना वाढदिवस आला तरी त्याने वयाचा निकष चुकत नाही.

पायरी ४: स्टेटस वाचणं

खात्यात पात्रता, वैद्यकीय निकाल, कागदपत्रं, मुलाखत, बायोमेट्रिक्स (बोटांचे ठसे आणि फोटो), पार्श्वभूमी तपासणी आणि अंतिम निर्णय अशा ओळी दिसतात. या ओळी एकीमागून एक याच क्रमाने पुढे सरकतात असं धरू नका. पात्रता पूर्ण होऊनही पार्श्वभूमी तपासणी महिनोन्महिने चालू राहू शकते, कारण तिच्यात गुन्हेगारी आणि सुरक्षा असे वेगळे भाग असतात आणि सुरक्षेच्या भागात इतर सरकारी संस्थांचा हात असतो. खातं आणि ट्रॅकर (स्टेटस दाखवणारं वेगळं सरकारी पान) दोन्ही बघत असाल तर ते एकाच क्षणी बदलत नाहीत, तिथला फरक बघून घाबरू नका.

‘शेवटचा बदल’ ही तारीख बदलते आणि आत काहीच नवीन दिसत नाही, याला सगळे ‘घोस्ट अपडेट’ म्हणतात. कोणीतरी फाइलला हात लावला किंवा यंत्रणेने काही नोंद केली, इतकाच त्याचा अर्थ. त्यावरून मंजुरीचा किंवा नकाराचा अंदाज बांधता येत नाही. एक्स्प्रेस एंट्रीचं सरकारी उद्दिष्ट ८० टक्के अर्ज ६ महिन्यांत निकाली काढण्याचं आहे. म्हणजे पाचातली एक फाइल लांबणं त्या उद्दिष्टातच धरलेलं आहे. त्याआधी ‘माझ्या फाइलचं काय झालं’ असं विचारल्यास ठरावीक उत्तरापलीकडे काही मिळत नाही.

बायोमेट्रिक्सचं पत्र आलं तर मुदत साधारण ३० दिवसांची असते. फी एका व्यक्तीला ८५ कॅनेडियन डॉलर, कुटुंबाने एकत्र अर्ज केल्यास कमाल १७० डॉलर. अपॉइंटमेंट मुदतीच्या आत मिळत नसेल तर बुकिंगची पावती वेबफॉर्मने पाठवा.

खात्यात पत्र आल्याचा ईमेल स्पॅममध्ये जाऊ शकतो, त्याच्या भरवशावर राहू नका. आठवड्यातून एकदा खातं उघडून बघा. ‘फी भरा नाहीतर अर्ज रद्द’ असा ईमेल आला आणि खात्यात तसं पत्र नसेल, तर तो फसवणुकीचा आहे असं धरून चाला.

पायरी ५: पत्र आलं तर

दोन पत्रांत फरक ओळखा. जादा कागद मागणारं पत्र साधं असतं: काय हवं आणि कधीपर्यंत. मागितलेलंच द्या, पण पूर्ण द्या. अपलोडची जागा एकच असेल तर सगळे कागद एका पीडीएफमध्ये जोडा, कारण एकदा पाठवल्यावर ती जागा बंद होते. मुदतीत कागद मिळणार नसेल, उदाहरणार्थ पीसीसी, तर अर्ज केल्याची पावती आणि मुदतवाढीची विनंती मुदत संपायच्या आत पाठवा. रिकामं सोडलं तर हातात असलेल्या कागदांवरच निर्णय होतो.

दुसरं पत्र म्हणजे प्रोसीजरल फेअरनेस लेटर. अधिकाऱ्याला नकाराकडे नेणारी शंका आली आहे आणि निर्णयाआधी तो तुमची बाजू विचारतो आहे. मुदत पत्रात असते, कधी ३० दिवस, कधी त्याहून बरीच कमी. याला घाईत, भावनेच्या भरात, स्वतःहून उत्तर देऊ नका. वकील गाठा. उत्तर पत्रातल्या प्रत्येक मुद्द्याला धरून हवं आणि प्रत्येक मुद्द्याखाली कागद हवा. चूक झाली असेल तर ती मान्य करा आणि कशी झाली ते पुराव्याने दाखवा.

नकारच आला तर फेडरल कोर्टात दाद मागण्याची मुदत फार लहान आहे: प्रकरण कॅनडात उद्भवलं असेल तर १५ दिवस, बाहेर उद्भवलं असेल तर ६० दिवस. अधिकाऱ्याच्या नजरेतून जोडलेला कागदच सुटला असेल तर फेरविचाराची विनंतीही करता येते, पण तिची वाट बघत कोर्टाची मुदत घालवू नका.

जीसीएमएस नोट्स कधी मागवाव्यात

फाइल ६ महिन्यांपलीकडे गेली, किंवा पाठवलेली दुरुस्ती लागली की नाही हे कळत नसेल, तेव्हा मागवा. जीसीएमएस ही अधिकाऱ्यांची आतली नोंदप्रणाली. कॅनडात असाल तर ५ डॉलर भरून माहितीच्या कायद्याखाली मागता येतात. प्रायव्हसी कायद्याखाली फुकट मिळतात, आणि जुलै २०२२ पासून कॅनडाबाहेरच्या लोकांनाही हा हक्क आहे. कायद्याने ३० दिवसांची मुदत आहे, ती वाढवलीही जाते.

हातात आल्यावर आधी कागदांची यादी बघा. तुम्ही वेबफॉर्मने पाठवलेलं पत्र तिथे दिसतं का? मग पात्रता, गुन्हेगारी, सुरक्षा आणि मेडिकल यांच्यापुढची नोंद बघा, आणि शेवटी अधिकाऱ्यांच्या तारीखवार टिपा. ‘सुरू नाही’ असं दिसलं तर लगेच निराश होऊ नका, नोट्स त्या विशिष्ट दिवसाचं चित्र दाखवतात आणि तुमच्या हाती येईपर्यंत फाइल पुढे गेलेली असू शकते. कॅनडात राहत असाल तर स्थानिक खासदाराच्या कार्यालयातूनही फाइलची चौकशी करता येते. निर्णय ते बदलू शकत नाहीत, पण फाइल कुठे अडकली आहे हे त्यांना कळतं.

शेवटचा टप्पा: सीओपीआर आणि कार्ड

आरपीआरएफ ही पीआर हक्काची फी सुरुवातीलाच भरून टाकलेली बरी, नाहीतर मंजुरीच्या तोंडावर फाइल तिच्यासाठी थांबते. नकार आला तर ही रक्कम परत मिळते. ३० एप्रिल २०२४ ला ती ५७५ डॉलर आणि मुख्य अर्जदाराची प्रक्रिया फी ९५० डॉलर झाली. दर दोन वर्षांनी हे आकडे बदलतात, म्हणून भरायच्या दिवशी सरकारी पानावरचा आकडा बघा.

कॅनडात असाल तर पीआर पोर्टलचं बोलावणं येतं. तिथे फोटो आणि पत्ता द्यायचा, मग ई-सीओपीआर, म्हणजे सीओपीआरची (पीआरची खात्री देणाऱ्या कागदाची) डिजिटल प्रत, मिळतं. फोटो किमान ७१५ बाय १,००० पिक्सेलचा हवा. मोबाइलने भिंतीसमोर काढलेला, मागे सावली असलेला फोटो परत येतो आणि त्यात आठवडे जातात, म्हणून स्टुडिओत जाऊन ‘कॅनडा पीआर’ असं सांगूनच काढा. पत्त्यात फ्लॅट क्रमांक विसरू नका, कार्ड त्याच पत्त्यावर टपालाने येतं. १८० दिवसांत पत्ता दिला नाही तर कार्डासाठी वेगळा अर्ज आणि ५० डॉलर.

भारतात असाल तर पासपोर्ट मागवला जातो आणि व्हिसासोबत सीओपीआर येतं. त्यावरची मुदत मेडिकल किंवा पासपोर्टच्या मुदतीला बांधलेली असते, आणि ती सहसा वाढत नाही. तिकीट काढण्याआधी ती तारीख बघा.

दोन्ही प्रकारांत सीओपीआर हातात आलं की नाव, जन्मतारीख, जन्मस्थळ, लिंग, वैवाहिक स्थिती आणि पासपोर्ट क्रमांक पासपोर्टशेजारी ठेवून वाचा. चूक दिसली तर पेनाने सुधारू नका. लगेच वेबफॉर्मने कळवा, आणि बाहेरून येत असाल तर लँडिंगच्या वेळी सही करण्याआधी अधिकाऱ्याला दाखवा. सही झाल्यावर तोच कागद नोंदीचा मूळ दस्तऐवज होतो. मग दुरुस्तीसाठी आयएमएम ५२१८ हा फॉर्म भरावा लागतो, आणि त्यातून नोंद करताना झालेली चूकच सुधारते. तुम्ही दिलेल्या कागदांत जे होतं तेच सीओपीआरवर आलं असेल, किंवा नाव नंतर बदललं असेल, तर हा फॉर्म उपयोगाचा नाही. पुरावा म्हणून लँडिंगच्या आधी निघालेले कागद जोडा, नंतर काढलेल्या दाखल्यांना तेवढं वजन मिळत नाही.

ई-सीओपीआर मिळालं आणि कार्ड यायचं आहे, अशा मधल्या काळात कॅनडाबाहेर जाताना जपा. ई-सीओपीआर हे प्रवासाचं कागदपत्र नाही. कार्ड नसेल तर परतीच्या विमानात बसण्यासाठी बाहेरून पीआर ट्रॅव्हल डॉक्युमेंट काढावं लागतं. त्याची फी ५० डॉलर आहे आणि वेळही लागतो. कार्ड हातात पडलं की त्यावरचं नावही त्याच दिवशी ताडा, आणि ९ ने सुरू होणारा जुना सिन (कॅनडात नोकरीसाठी लागणारा सामाजिक विमा) क्रमांक असेल तर नवीन कायमचा क्रमांक काढून मालकाला आणि बँकेला कळवा.